बाळ पेटीत, आई व्हरांड्यात

जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाचे उद्घाटन हा सत्ताधाऱ्यांच्या आवडीचा समारंभ असतो. फीत कापली जाते, यंत्रांची किंमत सांगितली जाते, खाटांचा आकडा जाहीर होतो. या खाटा बाळांच्या असतात. प्रसूत होऊन जेमतेम एक दिवस झालेली, अनेकदा पोटावर टाके असलेली बाई रात्री कोठे झोपेल, काय खाईल आणि तिची बुडालेली मजुरी कोण भरून देईल, याचा उल्लेख त्या भाषणांत नसतो. ती कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात चटई अंथरून बसते. दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढून परिचारिकेच्या हाती देते. आणि गावाहून आलेल्या माणसांना 'बाळ पेटीत आहे' यापलीकडे तिला काही सांगता येत नाही, कारण तिने ते धड पाहिलेलेही नसते.

हा केवळ दयामायेचा प्रश्न असता तर त्यासाठी एखादी धर्मशाळा पुरली असती. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईपासून दूर ठेवणे हे वैद्यकशास्त्राच्याच दृष्टीने चूक आहे आणि त्या चुकीची किंमत बाळाच्या जिवाने मोजावी लागते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. तरीही व्यवस्था हलत नाही. ती का हलत नाही, याचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत सापडणार नाही. ते अंदाजपत्रकात आणि मजुरीच्या हिशेबात शोधावे लागेल.

गर्भधारणेचे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले समजतात. जगात २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष बाळे जन्माला आली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष, म्हणजे पाचांतले एकाहून अधिक, एकट्या भारतात जन्मली. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे दोन महिने आधी, जन्मलेले बाळ श्रीमंत देशांत जवळजवळ नेहमीच जगते. गरीब देशांत अशांपैकी निम्मी दगावतात. 'सातमाशा जगतो, आठव्या महिन्यातला जगत नाही' असा एक समज खेडोपाडी अजून ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात बळच टाकतो. मात्र कोणत्या देशात, कोणाच्या घरी जन्मलेला सातमाशा जगतो, हे आता बऱ्याच अंशी निसर्गाच्या नव्हे, समाजाच्या हाती आहे.

नेहमीच असे नव्हते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाचे ते बाळ एकोणचाळीस तासांत श्वासाच्या विकाराने गेले. फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारे द्रव्य अशा बाळांत पुरेसे तयार झालेले नसते, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. पण उपाय कोणाजवळ नव्हता. आज त्याच वजनाचे, तेवढ्याच दिवसांचे बाळ तालुक्याच्या चांगल्या रुग्णालयातही वाचवता येते. त्या काळी सत्ता आणि संपत्तीलाही जे साधले नाही, ते आज ज्ञानाने साधले आहे. प्रश्न आता वाटपाचा उरला आहे.

अकाली जन्मलेल्या बाळाला नेमके काय कमी पडते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण मागणी त्यातूनच निघते. पोटातले शेवटचे तीन महिने हे साठवणीचे महिने असतात. कातडीखालची चरबी, हाडांतला चुना, रक्तासाठी लागणारे लोह यांचा बहुतेक साठा याच काळात होतो. आधी आलेले बाळ ही शिदोरी न घेताच आलेले असते. चरबी नसल्याने ते झपाट्याने गार पडते. गार पडले की श्वास मंदावतो, रक्तातली साखर उतरते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमू लागतो. तोवर दूध नळीने आणि पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे लागते. आजीच्या फडताळातले ते चोच असलेले बोंडले आधुनिक बाटलीपेक्षा सरस ठरले आहे, कारण ते स्वच्छ करणे सोपे असते आणि बाळ त्याच्या बेताने पिऊ शकते. आतडी नाजूक असतात. संसर्गाशी लढण्याची ताकद जवळजवळ नसते. थोडक्यात, ऊब, श्वासाला आधार, योग्य दूध आणि संसर्गापासून संरक्षण या गोष्टी बाळाला हव्या असतात. आणि श्वासाचा आधार सोडला तर बाकी सर्व देणारे साधन त्या व्हरांड्यात चटईवर बसलेले असते.

हे प्रथम ध्यानात आले ते कोणा धनाढ्य देशात नव्हे, तर कोलंबियाच्या बोगोटा शहरातील एका गर्दीने फुटलेल्या सरकारी प्रसूतिगृहात. तेथे पेट्या इतक्या अपुऱ्या होत्या की एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला जडे. १९७८ मध्ये एद्गार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी आणि पुढल्या वर्षी त्यांच्याबरोबर आलेल्या एक्तोर मार्तिनेस यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीस नाव पडले. बराच काळ सुखवस्तू देशांतील तज्ज्ञ तिला 'गरिबांची सोय' समजत राहिले. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी आईवर भागवावे, असा त्यातला भाव होता.

तो भाव २०२१ साली खोटा ठरला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांतील पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठी चाचणी घेतली. भारतातले रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतील ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवण्यात आले. उरलेल्यांना प्रचलित रीतीप्रमाणे आधी यंत्रावर स्थिर करून मग आईकडे दिले गेले. पहिल्या गटात अठ्ठावीस दिवसांत शंभरी बारा बाळे गेली. दुसऱ्या गटात शंभरी जवळजवळ सोळा. मृत्यूंत पंचवीस टक्क्यांची घट! दुसऱ्या गटातील बाळांना या उपचारापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे म्हणून चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, संघटनेने आपला सल्ला बदलला: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता शक्य तितक्या लवकर सुरुवात करा आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास बाळ छातीशी ठेवा.

या चाचणीतील खरी क्रांती बाळाला छातीशी बांधण्यात नव्हती. ती आईला कक्षाच्या आत खाट देण्यात होती. या पाचही ठिकाणी नवजात कक्षाची रचनाच बदलली गेली. आईची खाट बाळाच्या उपकरणांजवळ आली, प्रसूतीनंतरची तिची स्वतःची तपासणी आणि औषधपाणी तेथेच होऊ लागले. ती 'भेटीच्या वेळेत' येणारी नातेवाईक राहिली नाही. आई नसेल तेव्हा वडील किंवा आजी छातीशी धरू शकतात. छातीची ऊब कोणाचीही चालते. ज्यांनी आजवर आईच्या पायांवरच्या धुळीतून संसर्ग येतो म्हणून दार बंद केले, त्यांनी हे लक्षात घ्यावे की आई आत आली तेव्हा बाळांतील संसर्ग वाढला नाही, घटला.

मग देशभरातील नऊशेहून अधिक विशेष नवजात शिशू कक्षांत आईची खाट का नाही? काही ठिकाणी आहे. जेथे एखाद्या डॉक्टरने, एखाद्या अधिपरिचारिकेने हट्ट धरला तेथे आहे. परंतु सर्वत्र नाही, कारण या उपचाराला विक्रेता नाही. वॉर्मरची निविदा निघते, पुरवठादार असतो, उद्घाटनाची पाटी लागते. आईच्या खाटेला जागा लागते, न्हाणीघर लागते, तीन वेळचे जेवण लागते आणि वाढीव परिचारिका लागतात. यांतले काहीही एकदा खरेदी करून संपत नाही. शासनाला भांडवली खर्च आवडतो, वेतनाचा खर्च नकोसा वाटतो. इतिहासात याचा एक विचित्र दाखला आहे. पॅरिसमध्ये तार्निए यांनी १८८० च्या सुमारास पेटी वापरात आणली. आणि पुढे न्यू यॉर्कच्या कोनी आयलंड जत्रेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून १९४३ पर्यंत पेट्यांतील जिवंत बाळांचे प्रदर्शन भरवले. प्रवेशमूल्य पंचवीस सेंट. आईबापांकडून तो छदाम घेत नसे आणि त्याने असंख्य बाळे वाचवली, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. रुग्णालयांनी ज्या बाळांवर पाणी सोडले होते ती त्याने तिकिटाच्या पैशावर जगवली. पण ज्या समाजात बाळाचा जीव तमाशाच्या तिकिटावर अवलंबून राहतो, त्या समाजाबद्दल काय म्हणावे!

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आई विरुद्ध यंत्र असा हा झगडा नाही. ज्या बाळाला श्वास घेता येत नाही त्याला दाबाने हवा देणारे साधे यंत्र हवेच, सरफॅक्टंटचे औषधही हवे. 'आईची माया' सांगून शासनाला ती जबाबदारी झटकू देता कामा नये. तसेच यंत्र आणले म्हणजे काम झाले, असेही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती, त्यांतली दहा गेली. यंत्रे होती, पेट्या होत्या. विजेच्या जोडण्यांची देखभाल, अग्निशमनाची तपासणी आणि रात्रभर जागा असलेला पुरेसा सेवकवर्ग या गोष्टींना फीत कापता येत नाही. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात कक्षात तेच घडले.

दुधाचीही कथा अशीच आहे. अकाली प्रसूत झालेल्या आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिने अधिक असतात. जणू शरीराला ठाऊक असते की बाळ घाईने आले आहे. तिचे दूध कमी पडले तर दुसऱ्या मातेचे दूध, आणि तेही नसेल तर पावडरीचे दूध, असा क्रम आहे. हा क्रम भावनेचा नाही. दान केलेल्या मातेच्या दुधाच्या तुलनेत पावडरीच्या दुधावर आतडी सडण्याच्या जीवघेण्या विकाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आयांना बाळांच्या शुश्रूषेत सहभागी करून घेतले आणि १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मानवी दुधाची पेढी उघडली. धारावीला लागून असलेल्या, कामगारांच्या पैशावर चालणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात हे घडले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. दूध देणाऱ्या मातांची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवले जाते आणि गरजू बाळाला विनामूल्य मिळते.

बाजाराची नजर येथेही वळलीच. मातेच्या दुधाचे पदार्थ बनवून विकणारे व्यापारी निघाले. अखेर २४ मे २०२४ रोजी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणास जाहीर करावे लागले की मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकण्यास कायद्याने परवानगी नाही. हा निर्णय स्वागतार्ह आहे. कारण या दुधाला भाव आला तर ते विकणारी कोण असेल आणि तिच्या स्वतःच्या बाळाच्या वाट्याला काय उरेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. परंतु विक्रीला बंदी घालून भागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक दूधपेढी नसेल तर बंदीचा लाभ पावडरीच्या कंपन्यांनाच होईल. त्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने मनाई असली तरी त्यांचे डबे रुग्णालयाच्या दाराशी असतातच.

प्रसूतीपूर्वीच काही करता येते काय? येते. अकाली कळा सुरू झालेल्या मातेला स्टिरॉईडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. डेक्सामेथासोन हे अत्यंत स्वस्त औषध आहे. तरीही ते वेळेवर मिळेलच याची शाश्वती नाही, कारण त्यासाठी गर्भाचे दिवस अचूक ठाऊक असावे लागतात आणि कळा सुरू होताच बाईला वाहन मिळून, योग्य सोयी असलेल्या रुग्णालयात पोहोचावे लागते.

आणि कळा अवेळी सुरूच का होतात? सगळी कारणे शास्त्राला अजून उलगडलेली नाहीत. पण काही ठाऊक आहेत: मातेचे अतिकोवळे वय, पंडुरोग, संसर्ग, लागोपाठची बाळंतपणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती पंडुरोगी आढळल्या. त्याच पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. तोडीच्या हंगामात जोडप्याला मिळून 'एक कोयता' धरतात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिची प्रसूती कारखान्याच्या गावी दोन महिने आधी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले की पुढचा महिनाभर बाळाला छातीशी धरून बसायचे आहे, तर कोयता मोडतो. कोयता मोडला तरी उचल फिटत नाही. अशा वेळी ती बाई बाळाला अर्ध्या उपचारांतून उचलून नेते. रुग्णालयाच्या कागदावर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले' असा शेरा पडतो आणि तिच्याकडून अंगठा घेतला जातो. ती सल्ल्याविरुद्ध गेलेली नसते. मजुरीच्या मागे गेलेली असते.

संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९६१ च्या मूळ कायद्यातच अकाली प्रसूतीमुळे आजारपण आल्यास आणखी एक महिन्याच्या पगारी रजेची तरतूद होती. ही कलमे कोयता घेतलेल्या, विटा वाहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचत नाहीत. तिच्यासाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचे मातृत्व साहाय्य मान्य केले. प्रत्यक्षात २०१७ पासूनची योजना पहिल्या अपत्याला पाच हजार देते. दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजार. जननी सुरक्षेची रक्कम मिळवून बेरीज भरते, असे शासन सांगते. भरू द्या. सहा हजारांना सव्वीस आठवड्यांच्या १८२ दिवसांनी भागले तर रोजचे तेहतीस रुपये पडतात.

भरपाईचे तत्त्व या राज्याला नवीन नाही. आदिवासी भागांतील नवसंजीवन योजनेत आजारी मुलाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद आहे. हा मराठी शब्दच बोलका आहे; त्यात उपकार नाही, हिशेब आहे. मेळघाटात जे मान्य केले ते बीडच्या, नांदेडच्या, मुंबईच्या नवजात कक्षात का मान्य होऊ नये? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांतही अकाली बाळांच्या आईबापांच्या रजेचा आणि हक्कांचा विचार झाला पाहिजे, असे नमूद आहे. मजुरी हा उपचाराचाच भाग आहे, ही गोष्ट एवढ्या अधिकृत ठिकाणी लिहिली गेली याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बाळ घरी गेल्यावरही काम संपत नाही. किंबहुना तेथेच ते बहुधा सोडून दिले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी सुरू केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरले. केंद्र शासनाने २०११ मध्ये हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, आणि त्यांचा मोबदला अडीचशे रुपये. वजन घेणे, ताप-गारवा पाहणे, दूध पिते की नाही पाहणे, धोका ओळखून हलवणे, हे सर्व त्यात आले. याच आशांना महाराष्ट्रात २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले.

पुढली दोन वर्षे बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता ठरलेल्या तारखेपासून मोजायचे असते. दोन महिने आधी आलेले बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखे वागले तर ते मंद नव्हे. हे साधे गणित न सांगितल्यामुळे किती सुनांना बोलणी खावी लागली असतील! पण खरे वैगुण्य असेल तर ते वेळेवर ओळखले पाहिजे. विशेषतः डोळे. प्राणवायूवर राहिलेल्या लहान बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यात विकृत रक्तवाहिन्या वाढू शकतात. दोन किलोंच्या आतील किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासले तर लेसरने दृष्टी वाचते. ती मुदत टळली की बहुधा अंधत्व. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाला व डॉक्टरांना जबाबदार धरून सुमारे एक कोटी ऐंशी लक्षांची भरपाई देवविली. एकोणीस वर्षे लढू शकणारे आईबाप तिला लाभले होते.

२०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र निदान केंद्रे उघडायची ठरली. ती कोठे चालू आहेत, तेथे डोळ्यांचा डॉक्टर आठवड्यातून कोणत्या वारी येतो, तो खरोखर येतो काय, हे पाहणे स्थानिक कार्यकर्त्याला अवघड नाही. जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठका होतात, निदान त्यांची इतिवृत्ते लिहिली जातात. त्यांत विचारण्याजोगे पुष्कळ आहे: कक्षात आयांसाठी किती खाटा आहेत, त्यांना जेवण कोण देते, २०११ च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाला मिळणारी मोफत औषधे बाहेरून का आणवली जातात, रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, अग्निशमनाची शेवटची तपासणी कधी झाली, आणि गेल्या वर्षी किती बाळे 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' घरी गेली. शेवटच्या प्रश्नाचा आकडा प्रत्येक कक्षाच्या नोंदवहीत असतो. तो तालुकावार मागावा आणि ऊसतोडीच्या हंगामाच्या तारखांशेजारी मांडून पाहावा.